गॉगल लावला म्हणजे नकाशा कळला असं नाही: वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

मागच्या अंकात आपण व्हीआर (व्हर्च्युअल रिअ‍ॅलिटी) हेडसेट डोळ्यांवर चढवून जमिनीचा, डोंगराचा, पाण्याचा डेटा आतून फिरून कसा बघता येतो त्यावर लिहिलं होतं, आणि त्यानंतर मेलबॉक्स असा भरला की विचारू नका. बरेच प्रश्न "कुठला हेडसेट घेऊ" असेच होते, ते बाजूला ठेवलेत. यावेळी बहुतेक नाशिक आणि आजूबाजूच्या तालुक्यांतलेच प्रश्न घेतलेत, कारण तेच जास्त कामाचे निघाले.

प्रश्न: मी सिव्हिलच्या शेवटच्या वर्षाला आहे. आमच्या ग्रुपने गोदावरीचा पूर व्हीआरमध्ये दाखवायचं ठरवलंय, म्हणजे हेडसेट लावला की माणूस रामकुंडावर उभा आणि पाणी चढताना दिसेल. गाईड म्हणतात आयडिया भारी आहे पण यात अ‍ॅनालिसिस कुठे आहे? डेटा फुकट कुठून मिळेल तेही सांगा. (कॉलेज रोड)

उत्तर: तुझ्या गाईडने बरोबर जागी बोट ठेवलंय, त्यामुळे आधी त्यांचंच बोलूया.

फुकट डेटा म्हटलं की सगळे आधी एसआरटीएम उचलतात. फेब्रुवारी २००० मध्ये एंडेव्हर स्पेस शटलने अकरा दिवसांत रडारने जवळजवळ अख्ख्या जगाची उंची मोजली, तोच हा डेटा, साधारण ३० मीटरचा एकेक चौकोन. आपल्या इस्रोच्या भुवन पोर्टलवर कार्टोसॅट-१ पासून बनवलेला उंचीचा डेटा पण मिळतो, तोही तसाच ३० मीटरचा. आता ३० मीटर म्हणजे किती ते रामकुंडावर जाऊन बघ. घाटाच्या पायऱ्या, मधली देवळं, कठडा, पलीकडचा रस्ता, हे सगळं एका-दोन चौकोनांत गडप. वर आणि रडारला जमीन दिसतच नाही, त्याला दिसतं छप्पर आणि झाडाचा शेंडा. सराफ बाजाराची "जमीन" म्हणून तुला जी उंची मिळेल ती अर्धी इमारतींची असेल, आणि चूक काही मीटरची असू शकते. डोंगररांगा बघायला हे चालून जातं. पण पुरात एक मीटरने सगळी गणितं बदलतात, एका मीटरवर दुकानाचं शटर बुडतं आणि शेजारची ओसरी कोरडी राहते, त्यामुळे घाटावर हा डेटा वापरून पूर दाखवलास तर ती नुसती फिल्म झाली.

दुसरी गोष्ट, बरेच प्रोजेक्ट बघितलेत ज्यात पाणी म्हणजे एक सपाट निळी काच असते आणि स्लायडर सरकवला की ती वर येते. पूर म्हणजे बादली भरणं नव्हे रे. वाहत्या नदीच्या पाण्याला उतार असतो, म्हणजे होळकर पुलाच्या वरच्या बाजूला आणि तपोवनात एकाच वेळी पाण्याची पातळी वेगळी असते, पूल आणि घाटाचं बांधकाम आडवं आलं की मागे पाणी फुगतं, आणि गंगापूर धरणातून सोडलेला विसर्ग हा एकटाच पूर आणत नाही, धरणाखालच्या भागात पडलेला पाऊस, नाले, सगळं त्यात येऊन मिळतं. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला साधारण २८ लिटर, पेपरात विसर्गाचा आकडा वाचलास की त्याने गुणून बघ, डोळे पांढरे होतील. तर हे गणित आधी हेक-रासमध्ये करा. अमेरिकेच्या आर्मी कोअर ऑफ इंजिनिअर्सचं सॉफ्टवेअर आहे, फुकट आहे, जगभरचे हायड्रॉलिक्सवाले वापरतात. त्यातून जी पाण्याची पातळी येईल तीच व्हीआरमध्ये न्यायची. तुमचं अ‍ॅनालिसिस इथे आहे, गाईडना हेच हवं असणार.

मग हेडसेटचा उपयोग काय? तर तपासायला, आणि त्यात नाशिककरांची गंमत अशी की आपल्याकडे मोजपट्टी आधीच उभी आहे. घाटावरच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या गुडघ्याला पाणी, कमरेला पाणी, छातीला पाणी, याच भाषेत शहर पूर मोजतं, आणि नारोशंकराच्या देवळाच्या घंटेपर्यंत पाणी गेलं म्हणजे काय ते जुन्या पंचवटीकरांना सांगावं लागत नाही. २००८ च्या सप्टेंबरचा आणि २०१९ च्या ऑगस्टचा पूर बघितलेली माणसं ढिगाने आहेत, फोटो तर घराघरात. मॉडेलमध्ये मारुती नीट मोजून, खऱ्या मापाने उभा करा आणि घाटावरच्या एखाद्या जुन्या दुकानदाराला हेडसेट लावून विचारा, "त्या दिवशी पाणी असंच होतं का?" तो म्हणेल, नाही हो, आमच्या ओट्याच्या तिसऱ्या पायरीपर्यंत होतं, इथे तर पहिलीच दिसतीय. झालं, तुम्हाला एक कॅलिब्रेशन पॉइंट, म्हणजे मॉडेल जुळवून घ्यायची खूण मिळाली, जी सपाट नकाशावर त्या माणसाने कधीच दिली नसती कारण कंटूर, म्हणजे उंचीच्या रेघा वाचणं हे त्याचं काम नाही पण आपला ओटा त्याला पाठ आहे. अशा जबान्या गोळा करा, मॉडेलशी ताडून बघा, किती सेंटिमीटरचा फरक येतो त्याचा तक्ता करा.

घाटाची नेमकी उंची हवी तर टोटल स्टेशन किंवा डीजीपीएस, ही मोजणीची यंत्रं कॉलेजमध्ये असतीलच, दोनशे-तीनशे मीटरचा पट्टा मोजा, अख्खं शहर नको. ड्रोनचा मोह होईल, पण आधी डिजिटल स्काय या सरकारच्या ड्रोन पोर्टलवर झोन बघा, देवळालीचा लष्करी भाग, ओझरचा विमानतळ, वर घाटावरची गर्दी, उगाच पोलीस स्टेशनची वारी नको. आणि एक, उभी उंची वाढवून दाखवायची सोय सगळ्या सॉफ्टवेअरमध्ये असते, डोंगर छान दिसतात म्हणून लोक दुप्पट-तिप्पट करतात. पुराच्या मॉडेलमध्ये ती एक पटच ठेवा, नाहीतर गुडघ्याचं पाणी गळ्याशी येईल.

प्रश्न: आमची दिंडोरी तालुक्यात द्राक्षबाग आहे. एक कंपनीवाला आला होता, म्हणतो ड्रोनने बागेचा एनडीव्हीआय काढून देऊ आणि व्हीआर गॉगलमध्ये तुम्ही बागेवरून उडत रोग बघू शकता. पॅकेज बरंच महाग आहे. घ्यावं का?

उत्तर: दादा, गॉगलसाठी पैसे देऊ नका. ड्रोनचं ठरवा, गॉगलचं सोडा.

एनडीव्हीआय म्हणजे पान लाल प्रकाश किती शोषतं आणि डोळ्याला न दिसणारा इन्फ्रारेड किती परत फेकतं त्याचं गुणोत्तर, दर ठिकाणी एक आकडा, बस. त्याला उंची नाही, खोली नाही. तो सपाट नकाशा मोबाईलवर जितका कळतो तितकाच गॉगलमध्ये कळतो, उलट गॉगलमध्ये कमी कळतो कारण आत खोटा सूर्यप्रकाश टाकलेला असतो, उताराच्या सावलीतला हिरवा गडद दिसतो आणि तुम्हाला वाटतं तिथे बाग जोरात आहे. रंगाचा डेटा चढ-उतारावर पांघरला की असले घोळ होतातच. शिवाय एनडीव्हीआय रोग ओळखत नाही, तो फक्त सांगतो इथली पानं मंदावलीत. डाऊनी आहे, भुरी आहे, पाणी कमी पडलंय की ड्रीपची नळी चोक झालीय, हे शेवटी वाकून पान उलटं करूनच कळणार, आणि ते तुम्हाला त्या पोरापेक्षा जास्त कळतं.

फुकटात बघायचं असेल तर युरोपचे सेंटिनल-२ उपग्रह साधारण पाच दिवसांनी एकदा आपल्यावरून जातात, १० मीटरचा पिक्सेल. एका एकरात असे चाळीसेक पिक्सेल बसतात. द्राक्षाच्या दोन ओळींत नऊ-दहा फूट अंतर, म्हणजे एका पिक्सेलमध्ये तीन ओळी आणि मधलं गवत सगळं एकत्र येणार, एकेका झाडाचं काही कळणार नाही, पण गोडी छाटणीनंतर प्लॉटचा कुठला कोपरा मागे राहतोय ते कळतं. ढग असले की मात्र काही दिसत नाही, आणि नेमकं जेव्हा बघायचं असतं तेव्हा ढग असतात हे तुम्हाला काय सांगायचं.

एका बाबतीत उंचीचा खरा उपयोग आहे. निफाडकडची थंडी तुम्हाला माहितीये, थंड हवा जड असते, रात्री ती उताराने खाली सरकते आणि खोलगट जागेत साचते. प्लॉटचा चढ-उतार नीट मोजलेला असेल तर शेकोट्या कुठे करायच्या ते आधीच ठरवता येतं. त्यालाही कागदावरचा कंटूर नकाशा पुरतो.

प्रश्न: आमचा ट्रेकर्सचा ग्रुप आहे. साल्हेरचं थ्रीडी मॉडेल हेडसेटमध्ये बघितलं, खऱ्या मापात, पण मजा आली नाही. समोर पोस्टर लावल्यासारखा डोंगर वाटला. मॉडेल खराब की हेडसेट? (सिडको)

उत्तर: दोन्ही नाही, तुमचे डोळेच दोषी आहेत, आणि तेही बिचारे काय करणार. दोन डोळ्यांत साधारण सहा-सव्वासहा सेंटिमीटर अंतर असतं, त्यामुळे दोघांना किंचित वेगळं चित्र दिसतं आणि त्या फरकातून मेंदू खोली काढतो. जवळच्या वस्तूला हा फरक मोठा, लांबच्या वस्तूला जवळजवळ शून्य. आजच्या हेडसेटमध्ये पिक्सेल तसे जाडच असतात, त्यामुळे पन्नास-शंभर मीटरच्या पलीकडे डावं आणि उजवं चित्र पिक्सेलभरानेही वेगळं राहत नाही. मग १,५६७ मीटर उंचीचा साल्हेर समोर उभा केला तरी तो पोस्टरच. खऱ्या साल्हेरसमोर उभं राहिल्यावर तरी कुठे दोन डोळ्यांनी खोली दिसते, तिथे धुकं असतं, सावल्या असतात, आणि आपण चालत असतो म्हणून कळतं.

इलाज सोपा आहे. किल्ला हजारपट लहान करा, पायथ्यापासून माथा मीटरभराच्या आत येईल असा, कमरेच्या उंचीवर ठेवा आणि त्याच्याभोवती फिरा, वाका, डोकं खाली घालून दरीत बघा. आता सगळा किल्ला हाताच्या अंतरावर आला, दोन्ही डोळे कामाला लागले. साल्हेर आणि सालोटा यांच्यातली खिंड, कातळकडे कुठल्या बाजूला सलग आहेत आणि कुठे तुटलेत, पाण्याची टाकी कुठल्या पट्ट्यात येतात, दरवाजाची वाट कड्याच्या कुठल्या वळणात लपवलीय, हे त्या लहान मॉडेलवर पाच मिनिटांत डोक्यात बसतं. बेसॉल्टचे थर एकावर एक आडवे बसलेत म्हणून आपल्या सह्याद्रीला त्या पायऱ्या-पायऱ्या आल्यात, ते इतकं स्वच्छ मी तरी दुसरीकडे कुठे बघितलेलं नाही. मग त्यातली एखादी जागा निवडायची, उदाहरणार्थ एखादा दरवाजा, आणि फक्त तिथे खऱ्या मापात उतरायचं. लहान मापात शोध, खऱ्या मापात तपास. गूगल अर्थचं व्हीआर २०१६ साली आलं तेव्हापासून त्यात पण हेच आहे, आधी तुम्ही राक्षसाएवढे असता आणि मग खाली उतरता.

स्वतः मॉडेल करायचं असेल तर फोटो भरपूर काढा, शेजारच्या दोन फोटोंत सत्तर-ऐंशी टक्के भाग सामायिक यायला हवा, ढगाळ सकाळ उत्तम कारण सावल्या सरकत नाहीत, आणि वेबओडीएम नावाचं मोफत सॉफ्टवेअर फोटोंवरून मॉडेल बनवून देतं. किल्ला संरक्षित आहे आणि २०२५ पासून जागतिक वारशाच्या यादीतही आहे, परवानगीशिवाय ड्रोन उडवू नका. फोनने दरवाजा, टाकं, एखादी देवळी एवढं तरी सुंदर होतं.

प्रश्न: मुलाने हेडसेट आणलाय, त्यात पृथ्वीवर उडायचं अ‍ॅप आहे. मला दोन मिनिटांत मळमळतं, तो तासभर खेळतो. धाकटी नऊ वर्षांची आहे, ती पण मागते. (इंदिरानगर)

उत्तर: ताई, डोळे सांगतात आपण उडतोय आणि कानातला तोल सांभाळणारा भाग सांगतो आपण सोफ्यावर आहोत, या भांडणात पोट मध्ये येतं. घाटात गाडी लागणाऱ्यांना हे लवकर होतं. अ‍ॅपच्या सेटिंगमध्ये कम्फर्ट मोड असतो, उडताना कडेचं दृश्य झाकलं जातं आणि मधलंच दिसतं, तो चालू करा. त्याहून बरं म्हणजे उडूच नका, एका जागेवरून दुसऱ्या जागेवर थेट जायची सोय वापरा. लेन्समधलं अंतर तुमच्या डोळ्यांप्रमाणे लावून घ्या, मुलाचं लावलेलं असेल तर तुमचं डोकं दुखणारच. मळमळलं की लगेच काढा, "सवय होईल" म्हणून रेटू नका. धाकटीला थांबवा, हेडसेट बनवणाऱ्या मेटाने २०२३ मध्ये वयाची अट तेरावरून दहावर आणली पण नऊ म्हणजे अजून नाहीच, आणि दहानंतरही आईवडिलांच्या परवानगीचं वेगळं खातं लागतं.

प्रश्न: सिन्नर तालुक्यातल्या आमच्या गावात बोअर वर बोअर मारले जातात, निम्मे कोरडे. आम्ही काही तरुणांनी गावातल्या बोअरची माहिती वहीत लिहून काढलीय, किती फूट, कुठे पाणी लागलं, कुठला खडक. हे व्हीआरमध्ये टाकून जमिनीखालचं पाणी बघता येईल का?

उत्तर: या महिन्यातला सगळ्यात आवडलेला प्रश्न. पाणी दिसणार नाही, ते आधी स्पष्ट सांगतो, कोणी दाखवतो म्हटलं तर त्याला हातावर नारळ धरून पाणी शोधणाऱ्याच्या शेजारी बसवा. पण तुम्ही जे वहीत लिहिलंय ते खरोखर तीन मितींचं आहे. जागा दोन मितींत, खोली तिसरी. द्राक्षाच्या नकाशाला आम्ही नाही म्हटलं आणि इथे हो म्हणतोय ते याचसाठी.

आधी वही दुरुस्त करायची. लोक बोअरची खोली जमिनीपासून सांगतात, पण जमीन कुठे सपाट आहे? समजा टेकाडावरच्या एका बोअरचं तोंड समुद्रसपाटीपासून ७२० मीटरवर आहे आणि पाणी १२० फुटांवर लागलं. खाली नाल्याजवळच्या बोअरचं तोंड ६९० मीटरवर आणि पाणी २० फुटांवर. गावात बोलतात की नाल्यापाशी पाणी वर आहे, टेकाडावर खोल गेलंय. आता फुटाचे मीटर करून वजा करा. पहिल्याचं पाणी येतं ६८३ मीटरच्या जरा वर, दुसऱ्याचं ६८४ च्या जरा खाली. म्हणजे दोन्हीकडे पातळी जवळजवळ एकच! कदाचित एकाच थरातलं पाणी दोघं उपसताय, आणि टेकाडावरच्याने मोटर मोठी लावली तर खालच्याची ओरड होणार. हे गणित हेडसेटशिवाय, वहीतच होतं, आणि ते न करता थेट थ्रीडीत गेलात तर सगळे बोअर एका सपाट पाटावरून लोंबकळताना दिसतील, म्हणजे धादांत खोटं चित्र. बोअरच्या तोंडाची उंची मोबाईलच्या जीपीएसवरून घेऊ नका, उभ्या दिशेने त्याची चूक मोठी असते. गावात लेव्हल मशीन फिरवणारा कोणी असेल तर एक दिवस त्याला जेवू घाला.

मग प्रत्येक बोअर म्हणजे एक उभा दांडका, त्यावर रंग: मुरूम, मांजऱ्या, काळा पाषाण, मध्ये तांबड्या मातीचा पट्टा लागला असेल तर तो, आणि पाणी लागलं तिथे निळी खूण. कोरडे बोअर वगळू नका, तेच जास्त बोलतात. पॅराव्ह्यू नावाच्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये हे मांडता येतं आणि त्याला व्हीआरची सोय आहे, मात्र कॉम्प्युटरला चांगलं ग्राफिक्स कार्ड लागेल, जवळच्या इंजिनिअरिंग कॉलेजला पकडा. आपल्याकडचा खडक म्हणजे साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचे थरावर थर, घट्ट काळ्या पाषाणात पाणी मुरत नाही, ते राहतं वरच्या झिजलेल्या भागात, दोन थरांच्या सांध्यात आणि भेगांत. हेडसेट लावून तुम्ही जमिनीच्या खाली उभे राहिलात आणि वर बघितलंत तर तांबडे पट्टे एका पातळीत रांगेने येतायत की मध्येच तुटतायत ते एका नजरेत दिसतं. कॉम्प्युटरच्या पडद्यावर दांडके एकमेकांच्या आड येतात आणि पुढचा कुठला मागचा कुठला कळत नाही, इथे डोकं जरा हलवलं की सुटे होतात.

आता धोका. सॉफ्टवेअरला एक बटन असतं जे दोन बोअरच्या मधली जागा भरून गुळगुळीत थर काढून देतं. दिसायला ते इतकं झकास असतं की सरपंच लगेच म्हणेल इथेच मारा पुढचा बोअर. ती मधली जागा मोजलेली नाही, अंदाज आहे. आपल्या भागात डाइक असतात, म्हणजे थरांना उभी चिरत गेलेली खडकाची भिंत, ती दोन बोअरच्या मध्ये असली तर त्या गुळगुळीत चित्रात तिचा पत्ताच नसतो. म्हणून दांडके ठळक ठेवा, मधला भाग फिकट, आणि सगळ्यात जवळच्या बोअरपासून लांब गेलं की तो भाग दिसेनासाच होऊ द्या. हे सगळं घेऊन भूजल सर्वेक्षण विभागाच्या भूवैज्ञानिकाकडे जा, तयार वही आणि तयार चित्र घेऊन आलेल्या गावाला कोणीही वेळ देतो. पावसाळ्याआधी आणि नंतर विहिरींची पातळी मोजायला पण सुरुवात करा, एका दिवसाच्या आकड्यांवर गावाचं पाणी ठरत नाही.

प्रश्न: मी भूमापन खात्यातून रिटायर झालो. साखळी ओढली, प्लेन टेबल लावलं, खांद्यावर थिओडोलाइट घेऊन डोंगर चढलो. तुमचं हे व्हीआर मला तरी खेळणं वाटतं. (नाशिक रोड)

उत्तर: काका, तुम्ही खात्यात स्टिरिओस्कोप वापरला असेल ना? विमानातून काढलेले शेजारशेजारचे दोन फोटो, साठ टक्के भाग दोन्हींत सारखा, वर ते दोन भिंगांचं स्टँड ठेवायचं आणि जरा डोळे स्थिरावले की टेकड्या कागदातून वर यायच्या. व्हीआरचा निम्मा भाग तोच आहे. स्टिरिओस्कोप व्हीटस्टनने १८३८ मध्ये मांडला, म्हणजे फोटो सर्रास निघायच्या आधी. उरलेला निम्मा भाग म्हणजे डोकं हलवलं की चित्र त्याप्रमाणे बदलणं, ते १९६८ मध्ये आयव्हन सदरलंडने करून दाखवलं, हेडसेट इतका जड की छताला टांगायला लागायचा. मग १९९२ मध्ये शिकागोच्या इलिनॉय विद्यापीठात भिंतींवर चित्र पाडून माणसाला आत उभं करायची केव्ह नावाची खोली आली, आणि तेल शोधणाऱ्या कंपन्यांनी असल्या खोल्या जमिनीखालचे थर बघायला वापरल्या, खेळायला नाही. नासाने क्युरिऑसिटी रोव्हरच्या फोटोंवरून मंगळाची जमीन उभी केली, ऑनसाइट म्हणतात त्याला, शास्त्रज्ञ हेडसेट लावून तिथे "उभे" राहतात, आणि तपासणीत दिसलं की सपाट फोटो बघणाऱ्यांपेक्षा त्यांचा अंतराचा आणि दिशेचा अंदाज बराच नेमका येतो.

तरी तुमचं अर्धं म्हणणं मला मान्य आहे. अंदाज नेमका येणं आणि मोजणं यात फरक आहे, आणि हद्दीचा वाद हेडसेटवर मिटवायला निघालेले उत्साही लोक मीही बघितलेत. तिथे तुमची साखळीच बरी. फक्त एक विनंती, एखाद्या रविवारी कुणा पोराचा हेडसेट घेऊन ब्रह्मगिरी बघा, आणि गोदावरीचं पाणलोट कुठे संपतं, वैतरणेचं कुठे सुरू होतं ती रेघ बोटाने काढून दाखवा त्याला. त्या पोरांना सॉफ्टवेअर येतं, जमीन वाचता येत नाही.

प्रश्न: सिंहस्थ २०२७ च्या गर्दीसाठी व्हीआरचा काही उपयोग आहे का? (पंचवटी)

उत्तर: आहे, पण लोक समजतात तिथे नाही. गर्दी मोजायला नको. धोका ठरतो दर चौरस मीटरला माणसं किती यावर, पाचच्या वर गेलं की माणूस स्वतःच्या मर्जीने हलूच शकत नाही, गर्दी त्याला हलवते, आणि हा आकडा कंट्रोल रूममध्ये साध्या रंगीत नकाशावर जितका पटकन वाचता येतो तितका हेडसेटमध्ये येत नाही. तिथे पुढची गर्दी मागच्या गर्दीला झाकते.

उपयोग दोन ठिकाणी. एक, झालेल्या पर्वणीचा डेटा नंतर शांतपणे बघताना. स्वीडनच्या हेगरस्ट्रँडने १९७० मध्ये एक कल्पना मांडली, खाली नकाशा आणि वरची दिशा म्हणजे वेळ. थांबलेला माणूस सरळ उभी रेघ, चालणारा तिरकी, पळणारा जास्तच आडवी. तपोवनातून निघालेल्या हजारो रेघा रामकुंडाकडे जाताना कुठल्या बोळाच्या तोंडाशी एकदम उभ्या होतात, म्हणजे थबकतात, ते अशा ठोकळ्याच्या आत शिरून बघितलं की कळतं. कागदावर तो रेघांचा गुंता होतो. मोबाईलवरून असा डेटा घेणार असतील तर माणसांची ओळख काढून टाकूनच घ्यावा, हे सांगायची वेळ येऊ नये.

दुसरा उपयोग रंगीत तालमीचा. बंदोबस्ताला बाहेरगावाहून पोलीस येतात ज्यांना सरदार चौक कुठे आणि काळाराम मंदिराची गल्ली कुठे वळते हे माहीत नसतं. त्यांना आधीच त्या रस्त्याने, खऱ्या उंचीवरून, सभोवती माणसं भरून चालवा. नकाशावर "रामकुंडाकडे" असा बाण लावलेला असतो, हिशोबाला बरोबर. डोळ्याच्या उंचीवर आलात की दिसतं त्याच्यासमोर कोणाच्या तरी वाढदिवसाचा फ्लेक्स आहे आणि खालच्या अर्ध्या भागात नुसती डोकी. २००३ ची चेंगराचेंगरी आठवणाऱ्या शहराला बाणाची पाटी किती उंच हवी हे आधी कळलं तर बरंच. हे काम आत्ता करायचं आहे, पर्वणीच्या आदल्या आठवड्यात नाही.

प्रश्न: बजेट नाही. मोबाईल घालायचा पुठ्ठ्याचा डबा चालेल का? (सातपूर)

उत्तर: ३६० अंशाचे फोटो बघायला चालेल, डेटा वाचायला नाही. तो डबा, गूगलने २०१४ मध्ये काढला तो, डोकं कुठे वळलं एवढंच ओळखतो, डोकं पुढे-मागे-बाजूला सरकलं ते त्याला कळत नाही, म्हणजे तुम्ही वाकून आडोशामागे बघू शकत नाही. आणि खरा फायदा त्या वाकण्यातच आहे. वेअर आणि फ्रँक यांनी १९९६ मध्ये गुंतागुंतीच्या जाळ्यांवर हे तपासलं होतं: नुसत्या दोन डोळ्यांच्या खोलीमुळे माणसाला सपाट चित्रापेक्षा साधारण १.६ पट मोठं जाळं वाचता आलं, नुसतं डोकं हलवण्यामुळे २.२ पट, दोन्ही मिळून तिप्पट. तेव्हा पैसे साठेपर्यंत साध्या कॉम्प्युटरवर क्यूजीआयएस हे नकाशांचं सॉफ्टवेअर शिका, थ्रीडी व्ह्यू त्यातही आहे, माऊसने मॉडेल सतत थोडं थोडं फिरवत बघायची सवय लावा. सातपूरलाच असाल तर कंपनीत किंवा आयटीआयमध्ये कोणाकडे हेडसेट धूळ खात पडलेला असेल, एखाद्या शनिवारी मागून बघा, पण जाताना आपला डेटा पेनड्राइव्हवर घेऊन जा, नाहीतर शार्कचा डेमो बघून परत याल.